मजुळा

आमच्या घरात कुणी स्वतःच्या नावाच्या टॉवेलनं
तोंड पुसलं नाही कधी.
'चि. सौ. कां. शकुंतला', कुठली तरी तालीम,
कुठल्याशा पतपेढीचा रौप्यमहोत्सव.
काठ चुकलेला, रंग फुटलेला सेकंडचा माल
ताता कारखान्यातून आणायचे
आणि आम्ही परक्यांच्या लग्नांनी अंग पुसून
शाळेत जायचो.

ताता जेकार्डचे पत्ते पाडायचे.
आधी लाल चौकटींच्या कागदावर अक्षर,
मग पुठ्ठ्यावर भोकं.
भोक तिथं धागा वर, नाही तिथं खाली.
याहून जास्त त्यांनी आम्हाला काही शिकवलं नाही.
हिशेब तेलुगूत, अक्षरं मराठीत,
शेजाऱ्याशी भांडण कानडीत.
गावभरच्या नवऱ्यामुली त्यांच्या हातून गेल्या,
त्यांचं स्वतःचं नाव फक्त हजेरीपुस्तकात,
तेही 'मल्लू रा.'

ताता पौषात गेले, गड्ड्याची यात्रा उठायच्या आत.
मुलगी झाली आषाढात.

"तातांचं नाव ठेवायचं," मी म्हटलं.
नवरा मोबाइलमधून मान न काढता, "राजमल्लू? पोरीला?"
भिवंडीच्या वन्सं रोज पाच नावं पाठवत होत्या,
सगळी अशी, की हाक मारायला जावं आणि शिंक यावी.
आईनं 'राज' तेवढा वेगळा काढून पाहिला,
राजश्री, राजवी, राजनंदा,
विरलेल्या चादरीतनं धड तुकडा कापून घ्यावा तसा.
नान्ना म्हणाले, "त्यांना कुठं आवडायचं ते नाव.
कुणी विचारलं तर म्हणायचे,
पंचवाला लिहा की ओ."

तान्हीला गुंडाळायला मऊ काही हवं होतं.
अव्वानं पत्र्याची पेटी उघडली,
तळातून एक टॉवेल काढला, धुऊन धुऊन लोणी झालेला.
काठावर निळ्या सुतात : मजुळा.

गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक, सांगत कुणीच नाही.
कुण्या मंजुळेचं लग्न, सहा डझन टॉवेल,
आणि टिंबाची चार भोकं,
दोन पत्त्यांवर दोन-दोन,
पाडायची राहिली.
त्या आठवड्यात सात वर्षांचे नान्ना
सरकारी दवाखान्यात तापानं फणफणलेले,
ताता तीन रात्री खाटेशी बसून.
हे त्यांनी मालकाला सांगितलं नाही.
सहा डझन परत आले, पैसे मजुरीतून कापले.
सायकलला गठ्ठा बांधून ताता घरी आले,
अव्वाला म्हणाले, "घे.
आता दहा वर्षं टॉवेलची काळजी नाही."
पन्नास वर्षं झाली. हा शेवटचा.

मी काठावरून बोट फिरवत बसले.
बिनचूक नावं सगळी गावात गेली, वापरली गेली,
कधीच पोतेरी झाली असतील.
चुकलेलं तेवढं आमच्याकडे राहिलं.

"मंजुळा," मी म्हटलं.
"जुनाट वाटतं," नवरा म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, पोरीचा पाय हातात धरून,
"पण हाक मारायला बरं आहे."
नान्ना उठून गच्चीवर गेले.
जेवायला हाक मारली तेव्हाच खाली आले.

बारशाला वन्संनी कानात कुर्रर्र केलं
(तोंड थोडं वाकडं करूनच).
घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पांगल्या.
अव्वानं काजळात बोट बुडवलं,
पोरीच्या गालाकडे नेलं, थांबली.
टॉवेलचा काठ गुडघ्यावर सरळ केला,
चष्मा नव्हता, म्हणून अक्षर चाचपून पाहिलं,
आणि तीट लावली
'म'च्या डोक्यावर.

मग बोटाला उरलेलं काजळ
बाळाच्या गालाला पुसलं.